दाराला कुणीतरी लागतं

आबा,

तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला चौथीपुरतंच लिहिता येतं, म्हणजे हे लिहायला बसण्यात तसा काही अर्थ नाही. पण तोंडानं बोलायचं म्हटलं की मी भांडल्यासारखीच बोलते, ते तुम्हाला ठाऊक आहे. लिहिताना हात हळू चालतो, तेवढा तरी आवाज खाली राहील. कागद दवाखान्यातलाच आहे. जुने केसपेपर रद्दीत घालायला काढले होते, त्यांची मागची बाजू कोरी असते. पुढं कुणाचा तरी ताप लिहिलाय, मागं मी लिहितेय.

मी अजून तिथंच आहे, बारामतीला, त्याच दवाखान्यात. वर एक मजला वाढला, लिफ्ट आली, सलाईनच्या काचेच्या बाटल्या जाऊन प्लास्टिकच्या आल्या, म्हाताऱ्या डॉक्टरांचा मुलगा शिकून त्यांच्या खुर्चीत बसला. मी आया होते ती आयाच राहिले. तेव्हा तिशीतल्या बाईला मावशी म्हणताना लोक जरा अडखळायचे, आता अडखळत नाहीत, एवढाच फरक. मागच्या महिन्यात माझे पित्ताचे खडे काढले. तिथंच, आपलं माणूस म्हणून बायकांच्या वॉर्डात कॉट दिली. तिसऱ्या दिवशी सून साडेपाचला डबा ठेवून गेली, पोरं शाळेतून आली असतील म्हणाली. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले, वॉर्डातली ट्यूब दोनदा फडफडली नि पेटली, आणि मला भीती वाटायला लागली. मला, आबा. ज्या दवाखान्याची फरशी न् फरशी मी पुसलीय, जिथल्या कॉटवरून किती माणसं चादरीत गुंडाळून खाली नेलीत, तिथं मी पांघरूण मुठीत धरून पडले होते. दुखत नव्हतं. कशाची भीती म्हणून विचाराल तर सांगता येणार नाही. सगळे आपापल्या घरी गेले, अंधार पडत चाललाय आणि आपण इथं आडवे आहोत, एवढंच. मान आपोआप दाराकडं वळली. दारात कुणी नव्हतं. नुसता पडदा हलत होता. तुम्ही आता नाही हे मला तेव्हा कळलं. मरून इतकी वर्षं झाली तुम्हाला, आणि कळलं त्या दिवशी.

धाकट्यानं तुम्हाला अंथुर्ण्याहून वडापच्या जीपनं आणलं तो दिवस मला अजून दिसतो. जीप दवाखान्यापुढं थांबते. माझा भाऊ पुढून उतरतो, मागून तुम्ही. छाती भात्यासारखी चाललीय, ओठ निळे पडलेत, तरी मुंडासं नीट बांधलेलं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. डॉक्टर म्हणाले, निमोनिया आहे, आठ-दहा दिवस ठेवावं लागेल. व्हरांड्यात टाकणार होते तुम्हाला. मी मोठ्या सिस्टरांच्या मागं लागून वॉर्डातली कॉट मिळवली, सहा नंबरची. मग तुमचं मुंडासं सोडलं, काठी कोपऱ्यात उभी केली आणि घोंगडी धाकट्याच्या हातात दिली, माघारी ने म्हणून. तुम्ही तिचं टोक धरून ठेवलंत.

"उशाला तरी ऱ्हाऊ दे."

"न्हाय चालत हितं. वास येतो तिला."

"कशाचा?"

"कशाचा म्हंजी? मेंढरांचा."

"मंग घोंगडीला कशाचा यावा, अत्तराचा?"

शेजारच्या कॉटवरचे दोघं-तिघं हसले. मला नाही हसू आलं. मी त्या दवाखान्यात लागून आठ महिने झाले होते. फिनेलच्या वासात राहून मी सगळा कळप अंगावरून धुऊन काढलाय असं मला वाटायचं, आणि तुम्ही तो जीपमध्ये घालून पुन्हा माझ्या दारात आणलात. कळप तरी कुठं राहिला होता? दोन वर्षांमागं धाकट्यानं मेंढरं विकली. कॅनॉलचं पाणी आलं, रानात टोमॅटो आला, वांगी आली, मेंढरू पिकात शिरलं की शेजाऱ्यांची रोजची भांडणं. घोंगडी तेवढी ठेवलीत, आणि ती मी काढून घेतली. धाकटा ती काखेत मारून पाचच्या गाडीनं गेला.

आता त्या वॉर्डाचं सांगते, कारण तुम्ही तिथं दहा दिवस होता आणि मी आठ महिने होते, तरी तुम्हाला जे पहिल्या दिवशी दिसलं ते मला दिसलं नव्हतं. आठ कॉट होत्या, बहुतेक म्हातारी माणसं. दिवसभर बरी असायची. राउंड व्हायचा, डबे यायचे, लेकीसुना यायच्या, कुणाच्या ट्रान्झिस्टरवर बातम्या लागायच्या. साडेपाचला भेटायची वेळ संपली, माणसं गेली, दिवे लागले, की सगळा वॉर्ड बिघडायचा. चार नंबरचा डाळजचा म्हातारा दर पाच मिनिटांनी विचारायचा, एसटी गेली का, एसटी गेली का. दोन नंबरला मोरगावकडचे एक मास्तर होते, ते चपला रुमालात बांधून उशाखाली ठेवायचे आणि तासातासानं गाठोडं चाचपायचे. एक जण नुसता लेकाच्या नावानं हाका मारायचा. आणि मी ओरडायची. "ए चार नंबर, गप पड!" नावं मी कधी विचारलीच नाहीत. नंबर सोपा पडतो. मास्तर दुपारनंतर पाणी पीत नसत, हे मला ठाऊक होतं. का पीत नसत तेही ठाऊक होतं. पाणी प्यायलं तर लघवीला लागणार, मग भांडं माझ्याकडं मागायला लागणार. मला बरंच वाटायचं, एक भांडं कमी.

पहिल्या संध्याकाळी मी खालून चादरी घेऊन वर आले तर तुम्ही कॉटवर नव्हता. सलाईनची सुई काढून टाकलेली, फरशीवर रक्ताचे थेंब, आणि तुम्ही वॉर्डाच्या दारात उंबऱ्याशी आडवे, दंड उशाला घेऊन. पाय एका चौकटीला, डोकं दुसऱ्या. मी म्हटलं, झालं, वात झाला म्हाताऱ्याला.

"आबा, उठा आधी. हितं काय करताय?"

"निजलोय."

"कॉट दिलीय ना तुमाला? माझी अब्रू घालवताय व्हय?"

"माणसं भेल्यात गं. बघ की. बसंना कुणी."

"बसायची कशाला? झोपल्यात की सगळी."

"झोपल्यात न्हवं. पडल्यात. दाराला कुणीच न्हाय."

"खाली वॉचमन हाय."

"खाली आसून काय करायचं?"

मी तुम्हाला दंडाला धरून उठवलं, ओढतच नेलं म्हणा. सिस्टरांनी दुसऱ्या हाताला सुई लावली आणि मला बोलल्या. दुसऱ्या संध्याकाळी तुम्ही पुन्हा तिथंच. या वेळी सुई काढली नव्हती, सलाईनचा स्टँडच बरोबर ढकलत नेला होता. चहाचा ट्रे घेऊन येणारी बाई तुमच्यावरून ओलांडून आत आली. डाळजचा म्हातारा कॉटवर उठून बसला होता आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा त्या वॉर्डात मी कुणाला संध्याकाळी थट्टा करताना ऐकलं.

"मेंढकेराव, सकाळी आमाला बी हाकणार का चरायला?"

"दात हायती का चरायला?"

"चार हायती."

"मंग तुमाला दावणीलाच टाकतो कडबा. गप निजा."

तो गप निजला, आबा. मास्तर निजले. एसटी गेली का, असं कुणी विचारलं नाही. मी दिवाबत्ती करून, भांडी रिकामी करून आठला घरी गेले आणि मनात म्हटलं, बरं झालं, आज त्रास दिला नाही कुणी. तुमच्यामुळं हे झालं असं डोक्यात आलंच नाही. यायला पाहिजे होतं. दुसऱ्या कुणाच्या येणार नाही, पण माझ्या यायला पाहिजे होतं.

कारण मी त्या दाराच्या आत वाढले. दिवाळी झाली की आपण मेंढरं घेऊन निघायचो, मोरगावच्या माळावर तळ पडायचा. दिवस बुडताना मेंढरांभोवती वाघर लावायची, सुताची जाळी, खुंट्यांना बांधत बांधत गोल न्यायची आणि एका बाजूला माणूस मावेल एवढी जागा मोकळी ठेवायची. तेच दार. लांडग्याची चाहूल असो नसो, नव्या जागी मेंढरू बसत नाही. उभंच राहतं, एकमेकांच्या पोटाखाली तोंड घालून. मग तुम्ही घोंगडी घेऊन त्या मोकळ्या जागेत आडवे पडायचा. थोड्या वेळानं एक बसायचं. मग दुसरं. मग सगळी धपाधप बसायची, तो आवाज मला अजून येतो. मी तुमच्या पाठीमागं, जाळीच्या आत, कोकरांत. तुमची पाठ दिसत असली की मला आईचीसुद्धा आठवण यायची नाही.

वाघर बांधायची गाठ मला तुम्हीच शिकवली. त्याआधी मी एकदा हौसेनं माझी माझी बांधली होती, चांगली तीन वेळा आवळून. तुम्ही ती पाहिलीत आणि टाळूत एक चापट मारलीत. "आन् कोकरू अडाकलं जाळीत तर? दात लावून सोडत बसशील? बांधायचं ते एका वढीत सुटलं पायजे." मग माझी बोटं धरून दाखवलंत. दोरी दुमडायची, फासात घालायची, एक शेपूट बाहेर ठेवायचं. ओझं कितीही येऊ दे, गाठ हलत नाही, आणि शेपूट ओढलं की विरघळून जाते. उजेडात करून घेतलीत, मग डोळे मिटून, मग एका हातानं. सहा-सात वर्षांची असेन मी. आपल्या माणसांशिवाय ती गाठ मी पुढं कुणाकडं पाहिली नाही.

तिसऱ्या संध्याकाळी मी खाली स्टोअरमध्ये होते. वरून आरडाओरडा ऐकू आला म्हणून पळत गेले. तुम्ही दारात पालथे, तुमच्या अंगावर डाळजचा म्हातारा आडवा, सलाईनचा स्टँड पडलेला, बाटली फुटलेली, फरशीभर काच आणि पाणी. मोठ्या सिस्टर माझ्याआधी पोचल्या होत्या.

"तुझ्या बापानं पेशंट पाडला," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडं बघून कॉट दिली मी. हाड मोडलं असतं त्याचं तर डॉक्टरांना काय सांगणार होते? एक तर याला सांभाळ, नाहीतर आत्ताच्या आत्ता घरी ने. आणि बरोबर तूही जा."

तुमच्या छातीतून तेव्हा शिट्टीसारखा आवाज येत होता. घरी नेलं असतं तर तुम्ही चार दिवस काढले नसते. आणि माझी नोकरी गेली असती तर माझ्या दोन पोरांनी खायचं काय, नवरा ट्रकवर, आला तर आला. हे मी आता कारण म्हणून सांगतेय, पण त्या वेळी मी हा विचार केला असं नाही. त्या वेळी मला फक्त राग आला होता. सगळ्यांसमोर माझा बाप फरशीवर पडलेला, अंगावर फाटकी बंडी, आणि लोक बघतायत. तुम्ही काहीतरी सांगत होता. "त्यो जिन्याकडं..." एवढं म्हणालात आणि खोकला आला. मी पुढचं ऐकायला थांबले नाही. तुम्हाला उचलून कॉटवर टाकलं, ड्रेसिंगच्या पट्टीचा रोल आणला आणि तुमची दोन्ही मनगटं कॉटच्या दांडीला बांधली. डावं, उजवं. गाठ मारली, ओढून बघितली. तुम्ही हात आखडून घेतले नाहीत. मेंढराच्या पायातला काटा काढताना तुम्ही त्याला धरायचा, तेव्हा ते कसं बघायचं, तसं बघत होता.

मग म्हणालात, "बरं. मला बांधलंस. मंग तू तरी बस दारात."

"मला कामं हायती."

"थोडा येळ. दिवं लागल्यात. तेवढी बसूस्तवर."

आणि मी म्हटलं, "मी काय कुत्री हाय व्हय दारात बसायला?"

वॉर्डात सगळ्यांनी ऐकलं. तुम्ही दोन संध्याकाळी त्याच दारात निजला होता. तुम्ही तोंड भिंतीकडं केलंत.

ती संध्याकाळ कशी गेली ते सांगते. मी झाडूनं काच गोळा करत होते तोवर मास्तर रडायला लागले. मोठा माणूस, शाळेत कितीकांना छड्या मारल्या असतील, गाठोडं छातीशी धरून हुंदके देत होते. डाळजचा म्हातारा, एसटी गेली का, एसटी गेली का. हाका मारणारा हाका मारत होता. एकानं अंथरुणातच केली. मी ओरडले, मग आणखी ओरडले. कुणी ऐकेना. उभी मेंढरं. आता लिहिताना कळतंय, तेव्हा मला फक्त वाटलं की माझ्याच ड्युटीला हे सगळं येतं. आठ वाजले, दुसरी आया आली. मी तिला सांगितलं, सहा नंबरला बांधलंय, सोडू नकोस. सहा नंबर म्हटलं मी, आबा म्हटलं नाही. चपला घातल्या आणि घरी जाऊन पोरांना पिठलं-भाकरी करून घातली. मी जेवले पण.

सकाळी सातला आले. राउंडच्या आधी सोडायचं होतं तुम्हाला, नाहीतर डॉक्टर विचारतील. तुम्ही जागे होता. दोन्ही मनगटांवर पट्टी रुतून लाल वळ उठले होते. मी उजव्या हाताची गाठ शोधायला गेले तर पट्टीचं शेपूट सापडेना. तुमच्या मुठीत होतं. डाव्या हाताचंही. रात्रभर ते तुम्ही धरून ठेवलं होतं. दुसऱ्या कुणाला बांधलं असतं तर त्याला ते शेपूट सापडलं नसतं, सापडलं तरी काय करायचं कळलं नसतं. तुम्हाला नुसतं बोट आखडायचं होतं.

तुम्ही मूठ उघडलीत आणि म्हणालात, "गाठ इसरली न्हाईस."

मी ओढलं. सुटली. मी तुम्हाला विचारलं नाही की तुम्ही का नाही ओढलं. मोठ्या सिस्टर काय म्हणाल्या ते तुम्ही ऐकलं होतं, ते मला ठाऊक होतं. मी गरम पाण्यानं तुमचं तोंड पुसलं, जरा जोरातच पुसलं, आणि दुसऱ्या कॉटकडं गेले.

पुढचे दिवस तुम्ही कॉटवरच राहिलात. संध्याकाळ झाली की दाराकडं बघत पडायचा, पण उठला नाहीत. तुम्हाला परत बांधायची वेळ आली नाही. डाळजच्या म्हाताऱ्याला तुमच्या आधी घरी सोडलं. त्याचा मुलगा खाली केसपेपर घ्यायला गेला होता, तेवढ्यात त्यानं मला जवळ बोलावलं.

"बाई, त्या मेंढक्याची तू लेक न्हवं?"

"व्हय. का?"

"म्या त्या दिशी जिन्याकडं निघालो व्हतो. एसटी गाठायची म्हनून. डोळ्याला काय दिसत व्हतं थोडंच? त्यानं माझं धोतार धरलं म्हून त्याच्या अंगावर पडलो. न्हायतर जिन्यावनं गेलो आसतो खाली. त्याला म्हनावं, डाळजवनं गेला तर घरी ये. कोंबडं कापतो."

मी बरं म्हटलं. तुम्हाला नाही सांगितलं. तुम्हाला सांगितलं असतं तर मला आणखी काहीतरी बोलायला लागलं असतं. मोठ्या सिस्टरांनाही नाही सांगितलं. त्या रिटायर होईपर्यंत तुमचं नाव निघालं की म्हणायच्या, पेशंट पाडणारा तुझा म्हातारा. मी हसायचे.

तुम्ही बरे होऊन गेलात. त्यानंतर वर्षभर होता. दोनदा मी अंथुर्ण्याला आले, सणाला, पोरांना घेऊन. तुम्ही अंगणात बाजेवर बसून टकळीवर लोकर कातत असायचा. मेंढरं नव्हती, लोकर कुणाकडून तरी मागून आणायचा. मी म्हटलं, "आता कुणासाठी कातताय?" तुम्ही म्हणालात, "हाताला काम." मग पुढच्या महिन्यात धाकटा बारामतीला आला आणि कागदात गुंडाळलेली एक दोरी माझ्या हातात दिली. लोकरीची, दोन बोटं जाड, मऊ, दोन्ही हात पसरून वावभर लांब. म्हणाला, "आबांनी दिलीया. म्हणलं, पट्टी काचती. कुणाला बांधायचं आसंल तर यानं बांध म्हनावं."

मला काय वाटलं सांगू? टोमणा वाटला. मी धाकट्यावरच ओरडले, जा, घेऊन जा तुमची दोरी. तो टाकून गेला. मी ती ट्रंकेत तळाला टाकली. मनात म्हटलं, भेटले की विचारते, हे बोलून दाखवायचं होतं तर तोंडानं का नाही बोलला. आणि मग पावसाळ्यात तुम्ही गेल्याचा निरोपच आला. आता इतक्या वर्षांनी मला वाटतं तो टोमणा नव्हता. तुम्ही कामकरी माणूस. बांधणं हे पोरीचं काम आहे तर ते तिनं नीट करावं, एवढंच तुमच्या मनात असेल. पण हे मीच ठरवतेय. तुम्हाला विचारलेलं नाही.

आणि खोटं कशाला बोलू, त्यानंतरही मी माणसं बांधली. पट्टीनंच. दोरी काढली नाही. कितीतरी वर्षं. म्हातारी बाई होती एक, तिनं माझ्या हाताला चावा घेतला, मी तिलाही बांधली. मग हळूहळू कधीतरी मी संध्याकाळी दारात स्टूल घेऊन बसायला लागले. तुमची आठवण येऊन नाही. गुडघे दुखायला लागले म्हणून. साडेपाचला माणसं गेली की दारात बसायचं, पाय चौकटीला लावायचे, कापसाचे बोळे वळत बसायचं. आणि वॉर्ड बसायला लागला. आधी एक, मग दुसरं. तो आवाज नाही, पण तसंच. तेव्हा तुमचं दार ओळखलं मी. तिथून मी रोज बसते. गुडघे दुखोत न दुखोत. बेडवरच्या माणसाला नाव विचारते, गाव विचारते. पाणी प्यायला लावते, भांडं मी देते म्हणते. बांधत नाही. नवे डॉक्टर एकदा म्हणाले, "मावशी, तुमच्या ड्युटीला म्हातारी माणसं एवढी शांत कशी? काय करता?" मी म्हटलं, "काय न्हाय. सवय झाली." माझ्या बापाचं आहे हे, असं म्हणायला तोंड उचललं नाही. म्हटलं असतं तर पुढं विचारलं असतं त्यांनी, बाप कुठं असतो, काय करायचा, आणि मग ते सगळंच आलं असतं.

मागच्या महिन्यात मी कॉटवर पडले होते तेव्हा दारातलं स्टूल रिकामं होतं. माझ्या जागी आलेली पोर मोबाईल बघत खाली फरशीवर बसली होती. मी तिला हाक मारून म्हटलं, "थोडा वेळ दारात बस गं." ती म्हणाली, "मावशी, मला कामं आहेत." मीही भिंतीकडं तोंड केलं. घरी आल्यावर ट्रंक काढायला लावली. दोरीला कसर लागलीय, निम्मी भुगा झालीय. उरलेली उशाला ठेवलीय. वास अजून येतो तिला.

हा कागद कुठं टाकायचा नाही. कुणाला वाचूनही दाखवायचा नाही, कारण एक गोष्ट राहिलीय. नव्या सिस्टर पोरी येतात, कुणाला बांधायला निघाल्या की मी त्यांना थांबवते आणि तुमची गोष्ट सांगते. सांगते की मी माझ्या बापाला बांधलं, नोकरीपायी बांधलं, पण मुद्दाम आमची सुटती गाठ मारली आणि शेपूट त्यांच्या हाताशी ठेवलं, नको वाटलं तर सोडवून घेतील म्हणून. पोरींच्या डोळ्यांत पाणी येतं. म्हणतात, मावशी, त्या घाईतसुद्धा किती विचार केलात. मी काही केला नव्हता, आबा. मला पक्की गाठ मारायची होती. पक्की बसली का म्हणून दोनदा ओढून बघितली. हाताला दुसरी येत नव्हती.